आपल्या कार्यालयाचा लॅपटॉप कोणाकोणाशी जोडलेला आहे?



या महिन्याचा पाठ संगणकाचा आहे, पण सुरुवात एका खऱ्या प्रसंगाने करते.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका ग्रामसंघाच्या कार्यालयातून चार गटांच्या कर्जाची कागदपत्रं बँकेला मेल करायची होती. शाखेने दिलेली मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. पेरणी तोंडावर आलेली, बियाण्याला आणि खताला पैसे हवे होते. अशात लेखापाल ताईंचा मला फोन आला, "मॅडम, लॅपटॉप नेट धरीना. कालपर्यंत तर चांगला चालत होता."

मी पोचले तेव्हा कार्यालयात सात-आठ जणी जमलेल्या. लॅपटॉप जुना, सेकंडहँड घेतलेला. ताईंच्या फोनचा हॉटस्पॉट चालू होता. माझ्या फोनला तो दिसत होता, पण लॅपटॉपच्या यादीत त्याचं नावच येत नव्हतं. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर नवीन घ्या." एक काकू म्हणाल्या, "हिनंच कायतरी दाबलं असंल." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर मीसुद्धा फॉरमॅटला हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात मागून एक ताई बोलल्या, "फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणार ना? मग आपला तीन वर्षांचा हिशेब कुठं राहील?" दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती. तिथे आम्ही सगळ्या थांबलो.

शेवटी कारण सापडलं ते ताईंच्या फोनमध्ये. आदल्या रात्री त्यांच्या मुलाने गेम खेळायला वेग मिळावा म्हणून हॉटस्पॉटचं एक सेटिंग बदललं होतं. ते परत जागेवर आणलं आणि दोन मिनिटांत लॅपटॉप जोडला गेला. कागदपत्रं संध्याकाळपर्यंत गेली. खर्च एक रुपयाही आला नाही.

मग तिथेच बसून आम्ही लॅपटॉपमधली जोडण्यांची यादी उघडली. वाय-फायची तेवीस नावं निघाली आणि ब्लूटूथमध्ये नऊ फोन. त्यातले दोन फोन कोणाचे, हे एकीलाही सांगता येईना. गटाच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे आपण झोपेतही सांगतो. लॅपटॉपचं मात्र असं. म्हणून हा पाठ.

१. बिनतारी जोडण्या तीन प्रकारच्या

वाय-फाय: इंटरनेटसाठी. आपल्याकडे बहुतेक वेळा फोनचा हॉटस्पॉट, काही ठिकाणी राउटर.

ब्लूटूथ: जवळच्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायला. फोनमधला फोटो लॅपटॉपवर घेणं, स्पीकर लावणं वगैरे. सात-आठ मीटरच्या आत असलेलं बरं.

चिपवाला माऊस: याच्याबरोबर नखाएवढी चिप येते, ती यूएसबीच्या खाचेत बसते. दुकानात याला ‘वायरलेस माऊस’ म्हणतात. तो ब्लूटूथच्या यादीत शोधू नका, सापडणार नाही. चिप हरवली की माऊस बहुतेक वेळा निकामी, कारण दुसऱ्या माऊसची चिप त्याला सहसा चालत नाही. म्हणून बॅगेत ठेवताना चिप माऊसच्या पोटातल्या खणात ठेवायची. माऊस चालेना तर आधी सेल बदलून बघा, मग पुढचं.

२. नेट येत नाही? आधी कुठे अडलंय ते बघा

पाण्याची टाकी, पाइप आणि नळ डोळ्यांसमोर आणा. मोबाईलचा टॉवर ही टाकी, फोन हा मधला पाइप आणि लॅपटॉप हा नळ. पाणी येईना म्हणून कोणी लगेच नळ तोडत नाही. टाकीत पाणी आहे का, पाइप जोडलाय का, हे आधी बघतो. इथेही तसंच करायचं, आणि याच क्रमाने.

पहिलं, फोनवर नेट चालतंय का? फोनमध्येच काही उघडून बघा. तिथेही येत नसेल तर पॅक संपलाय, मोबाईल डेटा बंद आहे किंवा रेंज नाही. लॅपटॉपला हात लावू नका.

दुसरं, लॅपटॉपचं वाय-फाय चालू आहे का? जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या बाजूला वाय-फायचं छोटं सरकतं बटण असतं. पिशवीतून काढता-घालताना ते सरकतं. काहींमध्ये वरच्या ओळीतल्या एका बटणावर मनोऱ्याचं किंवा विमानाचं चित्र असतं. ‘एरोप्लेन मोड’ चालू झाला की सगळ्या बिनतारी जोडण्या एकदम बंद होतात.

तिसरं, जोडलंय पण ‘नो इंटरनेट’ दिसतंय? याचा अर्थ पाइप आणि नळ जोडलेले आहेत, वरून पाणी येत नाही. परत पहिल्या पायरीवर जा.

चौथं, नाव दिसतं पण जोडलं जात नाही? बऱ्याचदा फोनचा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच पासवर्ड देत बसतो. अशा वेळी ते नाव यादीतून काढून टाका आणि नव्याने पासवर्ड घालून जोडा. कसं काढायचं ते पुढे दिलंय.

पाचवं, नेट जोडलंय, पण एकही वेबसाईट उघडत नाही, ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं काहीतरी येतं? खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या संगणकातला घड्याळाचा छोटा सेल संपला की बंद करून चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. वेबसाईटच्या सुरक्षेची मुदत संगणक त्या तारखेवरून तपासतो, म्हणून तो दार उघडत नाही. तारीख-वेळ बरोबर करा. रोज तसंच होत असेल तर सेल बदलून घ्या.

सहावं, फोनचं नावच यादीत दिसत नाही, बाकीच्या फोनला मात्र दिसतं? हाच तो आमचा प्रसंग. तो जरा नीट समजून घेऊ.

३. जुना रेडिओ आणि एफएम

घरात जुना रेडिओ असेल तर आठवा. त्यात फक्त मीडियम वेव्ह असेल तर काटा कितीही फिरवा, एफएम लागणार नाही. रेडिओ बिघडलेला नसतो, त्या लहरी पकडायची सोयच त्यात नसते.

वाय-फायचंही असंच आहे. त्याच्या मुख्य दोन पट्ट्या आहेत, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये फक्त २.४ पकडणारं कार्ड असतं. आताचे बरेच फोन हॉटस्पॉट ५ वरसुद्धा देतात. ५ चा वेग जास्त, पण ते भिंतीपलीकडे कमी पोचतं. फोन ५ वर गेला की जुन्या लॅपटॉपच्या दृष्टीने तो तिथे नसतोच.

उपाय फोनमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये ‘हॉटस्पॉट’ उघडा. त्यात कुठे ‘बँड’, कुठे ‘एपी बँड’ असं लिहिलेलं असतं. तिथे २.४ निवडा. काही फोनमध्ये ‘एक्सटेंड कम्पॅटिबिलिटी’ असं बटण असतं, ते चालू करा. आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ असतं. तिथेच ‘सिक्युरिटी’ असा पर्यायही दिसतो. ‘डब्ल्यूपीए ३’ ही नवी पद्धत काही जुन्या लॅपटॉपना समजत नाही. तसं असेल तर ‘डब्ल्यूपीए २’ निवडा. ‘नन’ किंवा ‘ओपन’ मात्र कधीच निवडू नका. त्याचा अर्थ पासवर्डच नाही, दार सताड उघडं.

राउटर असेल आणि त्यावर दोन नावं दिसत असतील, तर ज्याच्या शेवटी ५जी असं लिहिलंय ते सोडून दुसरं घ्या. इथल्या ५जीचा मोबाईलच्या ५जीशी संबंध नाही, ते फक्त पट्टीचं नाव आहे.

लॅपटॉपचं कार्डच खराब झालं असेल तर काही शे रुपयांत यूएसबीमध्ये बसणारं वाय-फायचं डाँगल मिळतं. घेण्याआधी ते आपल्या विंडोजवर चालतं का, हे दुकानातच लॅपटॉपला लावून बघा. एवढ्यासाठी नवीन लॅपटॉप घ्यायची गरज नाही.

आणखी एक साधी गोष्ट. एका कार्यालयात लॅपटॉप लोखंडी कपाटाच्या आडोशाला होता आणि फोन खिडकीत. मध्ये कपाट आलं की लहरी अडतात. टेबल दोन हात सरकवलं आणि नेट सुधारलं. जाड दगडी भिंतही तसाच अडथळा करते.

४. यादी साफ कशी करायची

लॅपटॉप एकदा जोडलेलं नाव विसरत नाही. ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ अशी खूण राहिली असेल तर ते नाव जवळ येताच आपणहून जोडून घेतो. आमच्या यादीत तालुक्याच्या एका हॉलचं बिनपासवर्डचं वाय-फाय होतं. प्रशिक्षणाला गेलं की लॅपटॉप कोणाला न विचारता तिथे जोडला जायचा. आपल्या लॅपटॉपमध्ये सदस्यांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, कर्जाची माहिती असते. तो कोणाच्याही नेटवर आपणहून जाऊन बसणं बरं नाही.

विंडोज १० मध्ये: खाली उजवीकडच्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. ‘नेटवर्क अँड इंटरनेट सेटिंग्ज’ उघडा. डावीकडे ‘वाय-फाय’, मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’. सगळी नावं दिसतील. नको त्या नावावर क्लिक करून ‘फरगेट’ दाबा.

विंडोज ७ मध्ये: त्याच चिन्हावर क्लिक करून ‘ओपन नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’ उघडा. डावीकडे ‘मॅनेज वायरलेस नेटवर्क्स’ असेल. नाव निवडा आणि ‘रिमूव्ह’ करा.

‘डिसकनेक्ट’ आणि ‘फरगेट’ यांत फरक आहे. डिसकनेक्ट म्हणजे पाहुणा आज घरी गेला, उद्या परत येईल. फरगेट म्हणजे त्याचं नाव आपण वहीतून खोडलं. घाबरू नका, यात हिशेबाची एकही फाईल पुसली जात नाही. चुकून हवं असलेलं नाव गेलं तर पासवर्ड घालून परत जोडता येतं.

नवीन ठिकाणी जोडताना विंडोज विचारतं, हे नेटवर्क ‘पब्लिक’ की दुसरं? बाहेर असाल तर ‘पब्लिक’च निवडा. मग त्याच नेटवरच्या इतर संगणकांना आपला लॅपटॉप दिसत नाही.

५. ब्लूटूथची पाहुणेमंडळी

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, ‘ब्लूटूथ अँड अदर डिव्हायसेस’ असं जा. विंडोज ७ मध्ये स्टार्टमधून ‘डिव्हायसेस अँड प्रिंटर्स’. जो फोन आता लागत नाही त्याच्यावर ‘रिमूव्ह डिव्हाइस’ करा. नुसतं नाव यादीत राहिलं म्हणून कोणी आपल्या फाईली वाचू शकतं असं नाही. पण काम सोडून गेलेल्या कार्यकर्तीचा किंवा एखाद्या दिवशी फोटो द्यायला आलेल्या माणसाचा फोन कायमचा जोडीदार कशाला ठेवायचा?

नवीन फोन जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडी नंबर येतो. तो दोन्हीकडे एकच आहे ना, हे बघूनच ‘येस’ म्हणा. आपण जोडायला घेतलं नसताना असा निरोप आला तर ‘नो’. काम झालं की ब्लूटूथ बंद करा. जुन्या लॅपटॉपमध्ये याचा आणखी एक फायदा होतो. ब्लूटूथ आणि २.४ चं वाय-फाय एकाच पट्टीत चालतात. एकीकडे ब्लूटूथवरून मोठे फोटो जात असले की दुसरीकडे नेट रांगायला लागतं.

६. डेटा कोणाचा जातो?

यावर बायका बोलत नाहीत, म्हणून मीच बोलते. कार्यालयाचं काम बहुतेक वेळा लेखापाल ताईंच्या किंवा सीआरपी ताईंच्या फोनवर चालतं. रिचार्ज त्यांच्या घरचा. सकाळी अकरालाच दिवसाचा डेटा संपतो आणि घरी बोलणी खावी लागतात. दोन गोष्टी करा.

पहिली, विंडोज १० मध्ये त्या हॉटस्पॉटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘सेट ॲज मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग विंडोज स्वतःहून मोठमोठ्या गोष्टी उतरवून घ्यायचं बरंचसं थांबवतं. पण या सुधारणाही गरजेच्या असतात. म्हणून महिन्यातून एकदा चांगलं नेट असेल तिथे त्या करून घ्या.

दुसरी, हॉटस्पॉटवर कोण कोण जोडलंय ते फोनमध्येच दिसतं. कार्यालयाचा लॅपटॉप सोडून बाकी कोणी असेल तर काढा आणि पासवर्ड बदला. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो. एक ते आठ आकडे, गावाचं नाव किंवा स्वतःचा फोन नंबर ठेवू नका.

आणि या रिचार्जचा खर्च संघाने द्यायचा की नाही, हा विषय पुढच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत घ्या. एकीच्या खिशातून सगळ्यांचं काम चालवणं योग्य नाही.

७. घाईच्या वेळी तारच बरी

मुदत संपत आलीय आणि वाय-फाय ऐकत नाही, अशा वेळी चार्जिंगची वायर कामाला येते. वायरने फोन लॅपटॉपला जोडा. फोनच्या हॉटस्पॉटच्याच पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ असतं, ते चालू करा. वायर मात्र डेटा जाणारी हवी. काही स्वस्त वायरींतून फक्त चार्जिंग होतं. त्या दिवशी आम्हाला हे सुचलं असतं तर ताईंना रडावं लागलं नसतं.

८. बँकेचं काम कुठे करायचं

विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप चालत राहतो, हिशेब लिहायला, पत्र टाइप करायला काही अडचण नाही. पण सुधारणा मिळत नसलेल्या संगणकावरून ऑनलाईन बँकेचा व्यवहार करू नका. बाहेरच्या उघड्या वाय-फायवर तर करूच नका. ते काम बँकेत जाऊन किंवा बँक सखीकडे करा. पैशांची फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि हिशेबाची प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. मग कोणी ‘फॉरमॅट’ म्हटलं तरी छातीत धस्स होणार नाही.

९. जोडणीची वही

आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. लेखे नियमित असले की कोणावर उगाच बोट दाखवावं लागत नाही. लॅपटॉपसाठीही दोनशे पानी वहीतली चार पानं राखून ठेवा आणि हे लिहा:

• तारीख
• काय जोडलं किंवा काढलं (वाय-फाय, ब्लूटूथ, माऊस)
• कोणाचा फोन, कशासाठी
• काय अडचण आली आणि कशाने सुटली
• सही

पासवर्ड या वहीत लिहायचा नाही. तो पाकिटात बंद करून पेटीत. महिन्याच्या शेवटी वही आणि लॅपटॉपमधली यादी ताडून बघायची. वहीत नसलेलं नाव लॅपटॉपमध्ये दिसलं की विचारायचं, आणि उत्तर मिळालं नाही तर काढायचं.

बैठकीत करून बघा

१. दोघी-दोघींनी लॅपटॉपवर बसा. एकीने वाचायचं, दुसरीने क्लिक करायचं. वाय-फायची किती नावं निघाली ते मोजा.
२. एका फोनचा हॉटस्पॉट २.४ वर आणि मग ५ वर ठेवा. लॅपटॉपला दोन्ही दिसतात का? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.
३. वायरने नेट घेऊन बघा. घाईच्या दिवशी पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.
४. चर्चा करा: यंत्र अडलं की आपण आधी कारण शोधतो की माणूस?

त्या ग्रामसंघात जोडणीची वही आता त्याच काकू लिहितात, ज्या म्हणाल्या होत्या "हिनंच कायतरी दाबलं असंल." काकू सातवी शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं एकेक लावून वाचतात. परवा त्यांनीच मला फोन केला, "मॅडम, यादीत एक नवीन नाव दिसतंय. विचारलं, कोणाचंच नाही. काढून टाकलं, चाललं ना?"

चाललं, काकू.